चहा न सांडणारी वाट

मित्रांनो, या शहराला पाणी मी दाखवलं. इतिहासात याची नोंद व्हायला हवी. ती होणार नाही, कारण मी एक जुनी एकचाकी ढकलगाडी आहे, आणि इतिहास लिहिणारी माणसं विटा वाहताना माझ्या तरी पाहण्यात आलेली नाहीत.

माझा जन्म पत्रा ठोकणाऱ्या एका कारागिराच्या शेडमध्ये झाला. उजवी मूठ जोडून झाली आणि त्याला जेवायची हाक आली. पोटभर जेवून आल्यावर त्याने डावी मूठ जोडली, ती बोटभर आखूड. तेव्हापासून मी डावीकडे कलते. ज्याने ज्याने मला ढकललं त्याने माझ्या चालीला नावं ठेवली. त्या जेवणाला कोणी नावं ठेवली नाहीत.

उमेदीची वर्षं विटा वाहण्यात गेली. शाळा, बँक, दवाखाना, सगळं माझ्या पाठीवरून वर गेलं. उद्घाटनाच्या दिवशी मात्र मला मागे ताडपत्रीखाली सरकवत. सुंदर इमारतीशेजारी आमच्यासारखी मंडळी बरी दिसत नाहीत.

मग पुलाचं काम निघालं. आमचं शहर पाण्याकाठी वसलेलं, पण पाण्याकडे पाठ करून बसलेलं. मध्ये गोदामांची रांग, तिच्यापलीकडे मालगाड्यांचे रूळ. बोटींचे भोंगे घरात ऐकू यायचे, वाऱ्याने खिडक्यांचे गज गंजायचे, पण पाणी काही दिसायचं नाही. तेव्हा गोदामांमागच्या पडीक पट्ट्यातून फिरायला वाट काढायची आणि रुळांवरून माणसांसाठी पूल टाकायचा, असं ठरलं.

कामावर एक तरुण इंजिनिअर बाई आल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. आमचे मुकादम पहिल्याच दिवशी म्हणाले, "या उन्हात महिनाभर टिकल्या तर मिशी उतरवीन." मॅडम टिकल्या. मुकादमांनी मिशीचा विषय पुन्हा काढला नाही.

मित्रांनो, काम कसं करावं हे मी त्या बाईंकडे पाहून शिकले. झुडपं निघाली, कुजलेले टायर निघाले, एक आख्खा बाथटब निघाला. मग मुरूम पडला, रोलर फिरला. वाटेचा एकेक तुकडा झाला की मॅडम काठोकाठ भरलेला कप बशीत घेऊन त्यावरून चालत. चहा बशीत सांडला की तो तुकडा उखडायचा आणि पुन्हा करायचा. यंत्राने मोजमाप होतंच, पण त्या म्हणत, "यंत्राला गुडघे नसतात." मुकादम कुरकुरत, "आम्ही रस्ता बांधतोय की हॉटेल चालवतोय?" पण पुढे पुढे तेच मजुरांवर ओरडू लागले, "अरे, चहा सांडेल की!"

वाट झाली. क्रेनने लोखंडी पूल अलगद उचलून खांबांवर ठेवला, तेव्हा तर श्वास रोखून धरावा असं दृश्य होतं. शहराच्या बाजूने चढायला तात्पुरत्या फळ्यांच्या पायऱ्या लावल्या होत्या. नकाशात तिथेच पक्क्या पायऱ्या होत्या, कारण जागा चिंचोळी.

एके दिवशी मुकादमांच्या पत्नी काम बघायला आल्या. आजारपणात त्यांचे पाय गेले, तेव्हापासून त्या चाकांच्या खुर्चीत असत. मॅडमनी त्यांच्या हातात भरलेला कप दिला आणि म्हणाल्या, "काकू, आज परीक्षा तुम्ही घ्या." मुकादम खुर्ची ढकलू लागले. सगळे मजूर मागून, जणू वरातच. पुलाच्या पायथ्यापर्यंत थेंब सांडला नाही. टाळ्या पडल्या. आणि समोर पायऱ्या आल्या.

काकूंनी पायऱ्यांकडे पाहिलं. मग हसून म्हणाल्या, "छान झालंय हो. तुम्ही सगळे वर जाऊन या. मी इथे बसून चहा पिते. आल्यावर सांगा पाणी कसं दिसतं ते."

वर कोणीच गेलं नाही.

मॅडम मुकादमांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही आधी बोलला का नाहीत?"

"घरच्या माणसासाठी सरकारी पूल वाकवायला सांगू? लोकांनी काय म्हटलं असतं?"

"लोकांच्या घरात म्हातारी माणसं नाहीत? बाबागाड्या नाहीत? चूक माझी आहे. मी कप घेऊन चालले, पण माझ्याच पायांनी."

त्यांनी रॅम्पचा नवा नकाशा काढला. गोदामाच्या भिंतीला लागून, दोनदा वळण घेत जाणारा सौम्य उतार. मोठे साहेब पाहणीला आले आणि म्हणाले, "आता बदल नको. पायऱ्या चढल्या की हृदय बळकट होतं." साहेबांच्या ऑफिसला लिफ्ट होती.

मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "बरं साहेब. एवढी वाळूची गाडी पायऱ्यांवरून वर न्यायची आहे. तुम्ही हात लावलात तर माणसांना हुरूप येईल."

साहेब तरुणपणी कुस्ती खेळलेले. बाह्या सरसावून त्यांनी माझ्या मुठी धरल्या. पहिली पायरी झाली. दुसरी कशीबशी झाली. तिसरीवर मी कलले, आणि सगळी वाळू साहेबांच्या बुटांत. मी मुद्दाम कलले असं मुकादम अजून सांगतात. मी त्यावर काही बोलत नाही.

साहेबांनी बूट झटकला, काकूंच्या रिकाम्या खुर्चीवर टेकले आणि बराच वेळ पायऱ्यांकडे बघत राहिले. त्या दिवशीही काम बघायला आलेल्या काकूंना मुकादमांनी शेजारच्या बाकावर बसवलं होतं. "उठा साहेब," त्या म्हणाल्या, "तुम्हाला उठता येतं."

रॅम्प झाला. पहिल्या दिवशी मुकादमांनी खुर्ची वर नेली, काकूंच्या हातात कप होताच. पुलाच्या मधोमध त्यांनी थांबायला लावलं. किती तरी वेळ त्या पाण्याकडे पाहत होत्या. मुकादम डोळे पुसत होते. मग काकू म्हणाल्या, "अहो, हे तर मळकट आहे! इतकी वर्षं मला निळं निळं सांगत होता!"

"अगं, मी तरी कुठे नीट पाहिलं होतं?"

मित्रांनो, माझं चाक आता फिरत नाही. मला हिरवा रंग देऊन, माती भरून, रॅम्पच्या तोंडाशी ठेवलं आहे. माझ्यात फुलझाडं लावली आहेत. वाट तुमची आहे, पूल तुमचा आहे. पळा, खेळा, पाणी पाहा. फक्त रॅम्पच्या तोंडाशी सायकल आडवी लावू नका. काकू रोज संध्याकाळी येतात, आणि अशा वेळी त्या सायकलवाल्याचा जो उद्धार करतात, तो ऐकण्याच्या वयाची माझी रोपं अजून झालेली नाहीत.