उजेडाचा कोपरा

"हेका परत कोणी तरी हात लावलो," शालिनीबाई माझ्या अगदी जवळ पुटपुटल्या आणि माझ्यावरचं क्रोशाचं कापड त्यांनी सारखं केलं.

मित्रांनो, मी डिचोलीतल्या या घरातला जुना संगणक. मला कान नाहीत, पण ऐकू सगळं येतं. इथे तिघं एकमेकांवर पाळत ठेवून असतात, आणि मी तिघांवर.

मला आणलं ते निहारसाठी. तेव्हा दारावरून खनिजाचे ट्रक जात. लाल धूळ माझ्यात शिरू नये म्हणून चपला बाहेर काढूनच माझ्यासमोर बसायचं, असा त्याच्या वडिलांचा, कृष्णनाथांचा, दंडक होता. खिडकी मात्र सताड उघडी! दसऱ्याला मला झेंडूची माळ पडे. माझं खानदान मला निहारमुळेच कळलं. शाळेचा प्रकल्प लिहिताना तो मोठ्याने वाचायचा: आधी तारेत ओवलेले मणी, मग भोकं पाडलेल्या पत्त्यांवर चालणारी यंत्रं, मग अख्खं दालन अडवणारी धुडं. पणजोबांना दालन लागे, मला टेबल लागतं, नातवंडांना खिसा पुरतो. निहारचंही तसंच झालं. टेबलावरून उठला, कॅनडाला गेला, आणि आता रविवारी फोनात मावतो.

उरलो मी आणि हा उजेडाचा कोपरा. निहारची बहीण सिद्धी आतल्या अंधाऱ्या खोलीत डोळे बारीक करून कपडे शिवते. मशीन इथे आणू का, असं तिने एकदाच विचारलं.

"आणि निहार आलो की खंय बसतलो?" तिची आई, म्हणजे शालिनीबाई, म्हणाली.

विषय संपला आणि संशय सुरू झाला. भंगारवाल्याची हाक आली की तिघंही दाराकडे धावतात. दुसऱ्याने बोलावला तर नसेल? आईला सिद्धीचा संशय, कारण टेबलाच्या कडेला शिवणाच्या खडूने केलेली मापाची खूण सापडली. सिद्धीला बाबांचा, कारण ते सकाळी रंगाचा ब्रश घेऊन माझ्या पाठीमागे घुटमळतात. ते बिचारे धूळ काढतात. आणि आई? दुपारी दोघांचा डोळा लागला की मला चालू करते, पडद्यावर गणवेशातला निहार उमटेपर्यंत थांबते, मग बंद करते. घाईत कापड उलटं पडतं ते तिच्याच हातून.

मित्रांनो, जुनी वस्तू जपा, नाही तर कुणाच्या उपयोगी पडेल तिथे द्या. पण मनातलं तिच्या आडोशाला लपवू नका. तेवढं वजन आम्हांला पेलत नाही.

चवथीला हा कोपरा गणपतीचा. तेवढे दिवस मी पलंगाखाली. विसर्जन झालं की, जागा ओकीबोकी दिसते म्हणून, मला परत मांडतात. यंदाही निहारने आरती फोनातूनच म्हटली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कृष्णनाथ मला उचलायला वाकले. सिद्धी टेबल पुसायला लागली.

शालिनीबाईंनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना थांबवलं.

"रवांदे," त्या म्हणाल्या. "सिद्धे, तुझी मशीन घेवन ये. निहार काय आता हंय राहूक येवचो ना."