दाराशी बसलेली अव्वा

"अगं, शिडी धरायची असते. तिला मिठी मारत नसतात!" खालच्या पायरीवरून तिच्या जोडीचा जुना टेक्निशियन रणधीर ओरडला.

महेश्वरीनं मिठी काही सोडली नाही. पवनचक्कीच्या पोटातली ती सरळसोट शिडी, कमरेचा पट्टा तारेला अडकवलेला, आणि डोळे घट्ट मिटलेले. कंपनीत अप्रेंटिस लागली तेव्हा तिनंच अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं, मी वर चढणार म्हणून. आणि सुपरवायझर गौरीशंकर सरांनी सकाळी फोनवर निकाल वाचूनही टाकला होता: "आज वर जायचं, ग्रीस भरायचं, खाली येऊन मशीन आपल्या हातानं चालू करायचं. नाही जमलं, तर उद्यापासून स्टोअरमध्ये बस."

"रणधीरदादा, तुमी पहिल्यांदा भ्याला न्हाय व्हय?"

"लई भ्यालो. पण आमी लोहारा गावची माणसं, भ्यालो तरी तोंड बंद ठेवत न्हाय. तू बी बोल काय तरी, पाय आपोआप चालतात."

मग ती बोलत राहिली. विषय घरातच होता. तिची आजी शरणम्मा, जिला सगळे अव्वा म्हणत, तिचं रान नेमकं याच पंख्याखाली. अव्वाच्या वहीत जगाचे दोनच रकाने: घरचं आणि परकं. पंखा परक्यात. तोच ढग हाकलतो यावर तिची इतकी श्रद्धा, की पात्याची सावली अंगावरून गेली की ती पदर झटकायची. कंपनीच्या साहेबांनी समजावून पाहिलं; पण साहेबही त्याच रकान्यातले.

अव्वाच्या तक्रारी संपेपर्यंत शिडी संपली.

वरचं झाकण उघडून महेश्वरीनं डोकं बाहेर काढलं आणि मोठ्यानं हसली. सगळी वावरं खाली पसरलेली. नळदुर्गचा किल्ला मुठीत मावेल एवढा. "दादा, आमचं घर! अव्वाची गोधडी वाळत पडलीय बघा!"

"गोधडी नंतर बघ. ग्रीस भर."

तिनं भरलं. कोपरापर्यंत माखून भरलं. उतरताना तर ती गाणं गुणगुणत होती.

खाली आल्यावर टॉवरचं दार उघडेना. ढकललं, तर दारानंच विचारलं, "कोन हाय?"

बाहेरच्या लोखंडी पायरीवर, दाराला पाठ लावून, अव्वा बसली होती.

"अव्वा, मी हाय. उठ की!"

"बेड, बेड!" नकार आधी कानडीत आला, मग मराठीत. "नगं, चालू करू नगं. लई दिसांनी मुडदा थांबलाय. सोयाबीननं माना टाकल्यात. सांच्यापतूर राहू दे बंद, आभाळ येऊ दे."

टॉवरभोवती कुणी नाही हे बाहेर फिरून पाहिल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही, हा कंपनीचा नियम. तेवढ्यात सरांचा फोन. "मशीन अजून बंद का?"

"सर, दारावर इन्स्पेक्शन चाललंय," रणधीर म्हणाला आणि फोन झाकून कुजबुजला, "ढकलू का दार?"

"नगं दादा. दार मोडंल."

महेश्वरी आतल्या बाजूनं दाराला टेकून बसली. "अव्वा, सकाळधरनं बंदच हाय की. आलं का आभाळ?"

"येईल."

"म्या वरून बघून आले. नळदुर्गाकडं न्हाय, तामलवाडीच्या बाजूला न्हाय. ढगाची चिंधी बी न्हाय कुठं."

पलीकडं पायरी करकरली; आवाज दाराच्या फटीशी आला.

"तुज्या डोळ्यानं बघितलंस? सायबानं पढवलं न्हाय?"

"माज्या डोळ्यानं."

साहेब खोटं बोलतील. घरचं माणूस एवढं वर चढून कशाला खोटं बोलेल? पंख्याची नोंद परक्या रकान्यातून घरच्या रकान्यात गेली.

"मग इथनं पुढं ढग दिसला की आदी मला सांगायचं. सरपंचाला न्हाय, तुज्या सायबाला न्हाय."

"आदी तुला."

बांगड्या वाजल्या. दार उघडलं.

महेश्वरीनं अव्वाला बांधावर नेऊन बसवलं, टॉवरला फेरी मारली, आत जाऊन बटण दाबलं. पाती आधी आळस दिल्यासारखी हलली, मग वाऱ्याला लागली. रणधीरनं शिट्टी मारली. "गेलं गं तुझं स्टोअर!"

ती बांधावर आली. अव्वानं फडकं सोडून भाकरी पुढं केली. पोरीनं ग्रीसचे काळे हात दाखवले. मग अव्वाच भाकरीला ठेचा लावून एकेक घास तिच्या तोंडात घालत राहिली.

पात्याची सावली सोयाबीनवरून सरकत आली, दोघींच्या डोक्यांवरून गेली, परत आली. अव्वाचा पदर जागचा हलला नाही.