लमाईमावशी हसली का

ज्या दिवशी लमाईमावशी गेल्याचे कळले, त्या दिवशी मी चालू होतो. विनोदी मालिका लागली होती. प्रासीतकाका नूडल्सच्या पातेल्याजवळ कांद्याची पात चिरत होते. मावशी बाजारात गेल्या होत्या, तिथेच चक्कर येऊन पडल्या आणि इस्पितळात नेईपर्यंत संपल्या. फोन त्यांच्या बहिणीचा होता. काकांनी ऐकून घेतले, फोन ठेवला आणि उरलेली पात चिरून टाकली. मग ते माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसले. मला बंद करायचे कोणाला सुचले नाही. माझ्यातली माणसे हसत राहिली. मित्रांनो, मला स्वतःला बंद करता येत नाही.

मी एक जुना टीव्ही आहे. जाड काचेचा, मागून फुगलेला. खोन केन शहराच्या पुढे, ची नावाच्या नदीकाठच्या एका गावात, काका-मावशींच्या नूडल्सच्या दुकानात मी फळीवर बसलेलो असतो. कारखान्यात मला कोणी जोडले ते आठवत नाही. पहिला आठवतो तो मावशींचा चेहरा. खोके उघडून त्या म्हणाल्या, "अहो, केवढा जड आहे हा. विहारातली घंटा आणलीत की काय?"

माझे चांगले दिवस होते. मुष्टियुद्ध असले की माणसे पार रस्त्यापर्यंत उभी राहायची. मावशी रोज सकाळी भिक्षूंना भात वाढून आल्या की माझी काच पुसायच्या. पुढे सगळ्यांच्या हातात फोन आले आणि मी लोकांच्या पाठी बघू लागलो. ट्रॅक्टरवाला वीरा एकदा म्हणाला, "मावशी, हा भंगारात द्या आता."

"तुलाच देते भंगारात," मावशी म्हणाल्या. "तो तुझ्यापेक्षा नेमाने कामाला येतो."

मग पुई आली. पुई आमच्या शाळामास्तरांची मुलगी. शहरात एका छोट्या वाहिनीत नोकरी करता करता तिला एक तासाचा टीव्हीपट करायला मिळाला होता. पहिलाच. पैसे इतके थोडे, की नट आणायची सोय नव्हती. ती दुकानात येऊन मावशींना म्हणाली, "मावशी, तुम्ही माझी म्हातारी व्हाल का? ती मरते, पण तिला ते कळत नाही. रोज घरी येऊन भात शिजवत राहते."

"म्हणजे मी आत्ता करते तेच," मावशी म्हणाल्या. "मेल्यावर तरी सुट्टी दे की गं."

चित्रीकरण गावाच्या पलीकडच्या टोकाला, पुईच्या आजोळच्या लाकडी घरात झाले. मावशी सकाळी पावडर लावून गेल्या. दुकान उघडे ठेवायचे म्हणून काका मागे राहिले. संध्याकाळी मावशी परत आल्या तेव्हा दुकानात परगावच्या गिऱ्हाइकांची गर्दी होती. त्या तशाच पातेल्याजवळ उभ्या राहिल्या. कसे झाले, हे त्यांनी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत त्या गेल्या.

मावशींच्या शंभराव्या दिवसाचे पुण्यकर्म व्हायच्या आधीच चित्रपट लागला. संध्याकाळी सगळे गाव दुकानात आले. फोनवर दिसत असूनही आले. काका पुढच्या बाकावर बसले. पुई शहरातून आली होती, ती खांबाला टेकून उभी राहिली.

माझ्या काचेवर पुईचे नाव आले तेव्हा टाळ्या पडल्या. मग गाव हसायला लागले.

"अरे, हा माझा कोंबडा. विचारलं होतंस का गं?"

"भिंतीवर बघ, सावली कोणाची पडलीय? कॅमेरावाल्याचीच दिसते."

वीरा फोनवर शहरातल्या लोकांचे शेरे वाचून दाखवत होता. "एक जण म्हणतो, एवढ्या पैशात आमच्याकडे लग्नाची चित्रफीतसुद्धा होत नाही. दुसरा म्हणतो, भूत चांगलं, बाकी कचरा." पुई हसल्यासारखे करत होती. मग वीरा वाचता वाचता अडखळला. "काय रे?" कोणीतरी विचारले. त्याने हळू आवाजात वाचले, "ही आजी कोण आहे? हिला पुन्हा घ्या."

तेवढ्यात माझ्या काचेवर मावशी मेल्या. चटईवर, हात जोडून, अंगावर पांढरे कापड. मी नुसती काच आहे मित्रांनो, पण त्या वेळी मला वाटले की हे दाखवू नये. दुकानात फक्त पातेले उकळत होते. नंतर चटईवरच्या मावशी उठल्या, चुलीशी गेल्या आणि भात धुवू लागल्या. अगदी इथे धुवायच्या तशाच, मनगटाने पाणी ढकलत.

सायबुआआजी गावात सगळ्यांत म्हाताऱ्या. त्या म्हणाल्या, "पुई, मेल्याचं सोंग झाल्यावर ती हसली होती का?"

आमच्याकडे रीत आहे. सिनेमात जो मेल्याचे सोंग घेतो, त्याने लगेच उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचे असते. नाहीतर मरणाला ते खरे वाटते आणि ते माग काढत येते.

पुई खांब सोडून सरळ उभी राहिली.

"घाई झाली असेल," कोणीतरी म्हणाले. "कॅमेरा भाड्याचा. उजेड चाललेला."

"म्हणजे हसवलंच नाहीस तू तिला?" आजी म्हणाल्या. "पोरी, काय केलंस?"

बाया पुईपासून जरा सरकल्या. मास्तर मान खाली घालून बसले. ज्या गावात मुलीचा असा बोभाटा होतो, तिथे तिला पुन्हा पाऊल टाकता येत नाही.

"हसली," प्रासीतकाका म्हणाले. ते वळले नाहीत, माझ्याकडेच बघत होते. "मी होतो तिथं. कॅमेऱ्यावर छत्री धरून उभा होतो. उठली आणि हसली. दात नव्हता ना पुढचा, म्हणून तोंडावर हात धरून हसली."

"हात धरून कशाला?" आजी म्हणाल्या. "नीट हसायचं ना."

"तिला कोण सांगणार?"

गाव मोकळे झाले. वीराने पुईला विचारले, पुढच्या चित्रपटात ट्रॅक्टर लागेल का. पण मला माहीत होते, मित्रांनो. त्या दिवशी काका सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर होते. मी त्यांना मुष्टियुद्ध दाखवत होतो. आणि पुईलाही माहीत होते, की छत्री धरायला तिथे कोणीच नव्हते.

पुढे पुई एकदा दुपारी एकटीच आली. तिने चित्रपटाची तबकडी आणली होती. बाकावर बसून ती म्हणाली, "काका, त्या दिवशी—"

"आधी खा," काका म्हणाले. "तिखट किती घालू?"

तिने खाल्ले. काका नदीच्या पाण्याबद्दल बोलत राहिले. ती गेली.

आता रोज दुपारी गिऱ्हाईक नसताना काका ती तबकडी लावतात. मावशी चटईवर निजेपर्यंत बघतात. मग पुढचे टाळून थेट भात धुण्यापाशी नेतात. कधी कधी पातेल्याकडे वळून म्हणतात, "मीठ झालं का गं?" माझ्यातल्या मावशी उत्तर देत नाहीत. तिथे तेवढेच चित्रित झाले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा जुना टीव्ही असेल तर त्याची काच कोरड्या फडक्याने पुसा. त्याच्यासमोर कोणी एकटे बसलेले दिसले, तर तुम्हीही बाकावर थोडे बसा. आणि घरचे माणूस बाहेरून दमून आले की कसे झाले, ते त्याच दिवशी विचारा.

पुई सणाला येते, नूडल्स खाते, नमस्कार करून जाते. लमाईमावशी खरेच हसल्या होत्या का, हे काकांनी तिला अजून विचारलेले नाही.