तेल न दिलेले चाक

मारोतरावांची सून रुख्मिणी कामरगावाहून नांदायला आली, त्याच वर्षी, म्हणजे १९३५ साली, मी त्यांच्या मळ्यातल्या विहिरीवर चढलो. मित्रांनो, मी मोटेचे एक जुने चाक आहे. आता दुभंगून गोठ्याच्या कुडाला टेकून पडलो आहे. पण वाशीमकडल्या मालेगावच्या बाजारात जाणारी वांगी आणि मुळे एके काळी माझ्याच जिवावर वाढत होते.

सुताराने मला बाभळीच्या खोडातून घडवले. मधोमध भोक पाडून त्यात लोखंडी कणा बसवला. नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, माझ्यावरून जाई. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपुढच्या उतारावरून, खाली गेले की भरलेली मोट वर येई. बैल मागे सरकले की रिकामी मोट विहिरीत उतरे. खाली जाताना हाकणारा नाड्यावर बसे, तेव्हा पाण्याचे आणि माणसाचे अशी दोन्ही ओझी माझ्यावर असत. म्हणून मारोतराव दर मंगळवारी बुधल्यातले एरंडीचे तेल माझ्या कण्यावर सोडत. माझ्यावरून हात फिरवून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, असे गुणाचे चाक शिवारात नाही.

त्यांचा मुलगा चंपत वाशीमच्या शाळेत शिकत होता. तिथे संस्कृत घ्यायचे, नाहीतर फारसी. फारसीचे मास्तर सढळ हाताने मार्क देतात असे कोणीतरी मारोतरावांच्या कानात घातले आणि चंपतच्या वाट्याला फारसी आली. मॅट्रिकला तो बाकी सगळ्या विषयांत पास झाला, फारसीत मात्र राहिला. पेपर हातात पडताच अक्षरे मुंग्यांसारखी पळू लागली, असे तो सांगे. आता तेवढ्यासाठी पुढच्या साली पुन्हा बसायचे होते. मारोतराव म्हणाले, "या खेपेले राह्यलास त पुस्तकं चुलीत. मंग जन्मभर मोट हाक."

मोट तर तोवरही हाकायचीच होती. चंपत धावेवरच पाठ करू लागला. बैल खाली निघाले की 'रफ्तम', मी गेलो. बैल मागे आले की 'आमदम', मी आलो. त्या आठवड्यात कामाच्या गर्दीत मला तेल द्यायचे राहिले होते, म्हणून मी करकरत होतो. जाताना माझा आवाज लांब, येताना तुटक. चंपतचे शब्द त्या आवाजावर बसले आणि हलेनात. त्याला इतका आनंद झाला की त्या दिवशी तो बऱ्याच दिवसांनी पोटभर भाकरी जेवला.

रुख्मिणीला वाटले, माझ्या करकरीने नवऱ्याचे लक्ष उडत असेल. तिने सकाळीच येऊन मला भरपूर तेल पाजले. मी सुखावलो. बैल निघाले, मोट गुपचूप वर आली, आणि चंपत नाड्यावर बसल्याबसल्या पांढरा पडला. त्याचे ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता.

"काहून थांबले जी?" रुख्मिणीने विचारले.

"चाकाले तेल कोनं देलं?"

"म्या देलं. तुमाले तरास होते म्हून."

"आवाज गेला, त माहे शब्दबी गेले," तो म्हणाला.

मारोतराव वाफ्यात पाणी फिरवत दारे धरत होते. ते हसले. "अरे, फारसी त चाकाले येते. परीक्षेले त्यालेच धाड."

पण मुलाचा चेहरा पाहून त्यांचे हसणे थांबले. परीक्षा होईपर्यंत चाकाला कोणी तेल द्यायचे नाही, असे चंपतने सांगितले, आणि ते त्यांनी मान्य केले.

मित्रांनो, तिथून माझी भीती सुरू झाली. उरलेले तेल सुकले. कणा तापू लागला. लोखंड माझे लाकूड खाऊ लागले, भोक वाढले, मी फिरताना झोकांड्या खाऊ लागलो. ज्याच्या वजनाची मला भीती वाटत होती तो रोज निर्धास्त नाड्यावर बसत होता. त्याला सावध करावे म्हणून मी जिवाच्या आकांताने ओरडलो, तर तो खूश होऊन आणखी मोठ्याने म्हणू लागला. मंगळवारी मारोतराव बुधले घेऊन यायचे, मुलाकडे पाहायचे आणि तसेच परत जायचे.

एकदा चंपतचे फारसीचे मास्तर, मुन्शीजी, मळ्यात आले. त्यांनी बैल उभे करवले आणि एक सोपा प्रश्न विचारला. चंपत माझ्याकडे पाहत राहिला. मुन्शीजींनी हलक्या आवाजात सांगितले, "बेटा, इम्तिहानात चाक नसते. तिथं तुले एकट्यालेच बोला लागते." त्या दिवसापासून चंपतचे जेवण पुन्हा सुटले.

परीक्षेसाठी अकोल्याला निघायच्या आदल्या दिवशी मारोतरावांनी माझ्या कण्याजवळ बोट फिरवले. बोटाला काळी भुकटी लागली. त्यांनी ती चोळून पाहिली. मग त्यांनी बोट धोतराला पुसले.

"तू आज बांधावर बस," ते चंपतला म्हणाले. "मोट मी हाकतो. तू आयक अन् म्हन."

ते नाड्यावर बसले. बैल निघाले. बांधावरून 'रफ्तम' ऐकू आले, आणि त्याच वेळी मी मधोमध फाटलो. मोट विहिरीत आदळली. मारोतराव धावेच्या दगडांवर पडले, छातीवर.

दुसऱ्या दिवशी चंपत जायला तयार नव्हता. बाजेवरून मारोतराव कसेबसे म्हणाले, "जाय. माह्यापाशी बसून पेपर होत नाई." रुख्मिणीने त्याच्या हातात शिदोरी दिली आणि त्याला अकोल्याच्या मोटारीत बसवले.

परत आल्यावर तो माझ्या तुकड्यांजवळ बसून रुख्मिणीशी बोलला, म्हणून मला ठाऊक आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये आधी काहीच आठवेना. त्याने माझी करकर आठवून पाहिली, तीही येईना. आठवला तो फक्त माझा फाटतानाचा आवाज. त्या आवाजामागून एकेक शब्द आला, आणि पेपर भरला.

आता विहिरीवर दुसरे चाक आहे. चंपत कामरगावच्या शाळेत मास्तर आहे. सुट्टीला आला की नव्या चाकाला तेल देतो, आणि मग बुधले घेऊन माझ्याकडे येतो. मी कधीच फिरणार नाही, तरी माझ्या भोकात तो तेल सोडतो. मित्रांनो, तुमच्या कामाची वस्तू कुरकुरू लागली तर तो आवाज कामाला येतो म्हणून तसाच ठेवू नका. हात थांबवा आणि तिला काय होते आहे ते पाहा.

चंपत पास झाल्याचे १९३७ च्या ज्येष्ठात कळले. मारोतराव त्याआधी, वैशाखातच, छातीच्या त्या माराने वारले होते.