बहीण नव्हे, भाडेकरू

या हो, असे लांब खांबाला टेकून काय बसलात? जरा पुढे सरा. बुवांना यायला अवकाश आहे. पेटीवाले देवरूखहून निघालेत म्हणतात, पण एसटी ती, तिचं काय सांगावं! तेवढ्यात तुम्हाला एक गोष्ट सांगते. पोथीतली नव्हे हो, इथलीच आहे, आपल्या रत्नागिरीतली. दोन बायकांची आणि एका शब्दाची.

काशीताई तुम्ही पाहिल्याच असतील. कीर्तनाला अगदी पुढे बसतात आणि बुवांनी तान घेतली की डोळे मिटून डुलतात, त्याच. त्यांचं बिऱ्हाड खाडीच्या अंगाला, हाजराबींच्या घरात. चिऱ्याचं कौलारू घर. पुढे हाजराबी, मागच्या दोन खोल्यांत काशीताई. काशीताईंच्या सासऱ्यांनी या खोल्या हाजराबींच्या सासऱ्यांकडून भाड्याने घेतल्या होत्या. पुढे दोन्ही सासरे गेले, हाजराबींचे सुलेमानशेठ गेले, काशीताईंचे विठूभाऊ गेले. काशीताईंचा मुलगा संदेश विरारला एका खोलीत संसार करतो. म्हणजे घरात राहिल्या या दोघी. काशीताई कुळथाचं पीठ, आंबोशी, तळलेले गरे करून विकतात आणि त्यावर आपलं भागवतात. गिऱ्हाईक ओळखीचं, मागच्या दाराशी येणारं. ते दार सुटलं तर पोटही सुटलं.

आणि भाडं? भाडं द्यायच्या, चुकल्या नाहीत कधी. पण देण्याची रीत बघा. महिना लागला की काशीताई घावन्यांची ताटली घेऊन पुढच्या पडवीत जायच्या. ताटलीखाली नोटा. म्हणायच्या, "भाभी, 'ते' ठेवलंय हो." हाजराबी ताटलीखाली बघायच्याही नाहीत. "ठेव गो. रात्री बुवांनी काय सांगितलं ते सांग आधी." मग काशीताई आख्यान सांगायच्या, आणि प्रल्हादाला खांबाला बांधलं की हाजराबी पदराने डोळे पुसायच्या. "मेला कसला बाप तो!" म्हणायच्या.

त्या 'ते'ला कुणी कधी भाडं म्हटलं नाही. एकदा फार वर्षांपूर्वी विठूभाऊंनी रेशनकार्डाच्या कामासाठी पावती मागितली होती. सुलेमानशेठ नुसते हसले, पण हाजराबींना लागलं. "पावती दुकानदार देतो गिऱ्हाईकाला. मी काय दुकान मांडलंय?" कितीतरी दिवस धड बोलल्या नाहीत. त्यानंतर काशीताईंनी त्या घरात पावतीचं नाव काढलं नाही. महागाई वाढली की आपणच ताटलीखाली थोडे जास्त ठेवायच्या. आल्यागेल्याला हाजराबी ओळख करून द्यायच्या ती अशी: "ही काशी. घरचीच आमच्या."

तर असं चाललेलं. गेल्या वर्षी हाजराबींचा जुनेद दोह्याहून कायमचा परत आला. त्याची कंपनी गुंडाळली. बायको, शाळेत जाणारी मुलगी मनाल, आणि हातात काम नाही. वाईट नाही हो पोर. लहानपणी काशीताईंच्याच मांडीवर मऊभात खाल्लेला. पण काळजीने माणूस कसा होतो, तुम्हाला ठाऊक आहे. कुणा एजंटाने त्याला सांगितलं, मागच्या खोल्या खाडीजवळ आहेत, पर्यटक येतील, नाहीतर चांगलं भाडं येईल. झालं. एके सकाळी तो मागच्या दाराशी आला, हातात कागद.

"काशीमावशी, राग मानू नका हां. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करायचं म्हणतोय. सगळीकडे तसंच असतं आता."

काशीताईंनी कागद वाचला. भाड्याचा आकडा आतापर्यंतच्या चौपट. आणि अकरा महिन्यांनी पुढे ठेवायचं की नाही, ते मालकाच्या मर्जीवर.

"जुनेद बाबा, एवढं मला कसं रे जमणार?"

"मार्केट रेट आहे, मावशी." मान वर न करता म्हणाला. "नसेल जमत तर... संदेशदादा आहे ना विरारला. घाई नाही. ईद होऊ दे."

काशीताईंनी हाजराबींना काही सांगितलं नाही. आई-मुलाच्या मध्ये आपण कशाला पडायचं, हा त्यांचा स्वभाव. पण कीर्तनाला आल्या त्या दिवशी डुलल्या नाहीत. शेजारी दीपाली बसली होती. दीपाली म्हणजे आपली वकील, कोर्टात काम करते आणि शनिवारी झांजा वाजवते. तिने ओळखलं. आरती झाल्यावर ओट्यावर बसवून सगळं काढून घेतलं.

"सही केलीत का?" तिचा पहिला प्रश्न.

"नाही गो."

"करू नका. त्या कागदावर सही केलीत तर जुना हक्क तुम्ही आपल्या हाताने सोडलात असं होईल. काशीताई, सासऱ्यांपासून भाडं देऊन राहताय तुम्ही. ते गेले, विठूभाऊ गेले, पण तुम्ही त्यांच्याबरोबर त्याच घरात होतात, म्हणून भाडेकरूचा हक्क तुमच्याकडे आला. मालकाला वर्षाला शेकडा चार एवढं भाडं वाढवता येतं. घरपट्टी वाढली, मोठी दुरुस्ती केली, तर त्याचं वेगळं. चौपट नाही. आणि काढायचं म्हटलं तर कोर्टात कारण दाखवावं लागतं. उद्या रागाने नळ-वीज तोडली तर तेही चालत नाही."

काशीताईंच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

"फक्त पावत्या द्या माझ्याकडे."

रंग गेला. "पावती घेतली नाही कधी."

"कधीच? अहो, पावती देणं मालकावर बंधनकारक आहे!"

"घरच्या माणसाकडे पावती कशी मागायची, दीपाली?"

दीपालीने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "हाजराबी आहेत ना. त्यांनी खरं ते सांगितलं की पुरे. नोटीस नको, भांडण नको. मी येते, चौघं बसून बोलू."

काशीताई आधी तयारच होईनात. भाभींना त्यांच्या पोराविरुद्ध उभं करायचं? त्यापेक्षा विरार बरं. "तुम्ही काही बोलू नका, मी विचारते," असं दीपालीने कबूल केलं तेव्हा कुठे हो म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी नमाज पढून जुनेद आला तेव्हा पडवीत बसले सगळे. हाजराबींनी वकीलबाई आल्या म्हणून खास सांदणं काढली. त्यांना बिचाऱ्यांना वाटत होतं, जुनेद काशीसाठी काहीतरी चांगला कागद करतोय.

दीपालीने सरळ विचारलं, "हाजराबी, काशीताई तुमच्याकडे कोणत्या नात्याने राहतात?"

"नात्याने म्हणजे?"

"म्हणजे भाडेकरू म्हणूनच ना?"

हाजराबींच्या हातातली ताटली खाली आली. "कोण म्हणतंय तिला भाडेकरू? काशी, तू म्हणालीस?"

काशीताईंनी मान खाली घातली.

"माझी बहीण आहे ती!" हाजराबींचा आवाज चढला. "हा जुनेद तापाने फणफणला होता तेव्हा उशाशी कोण बसलं? शेठ गेले नि मी इद्दतमध्ये घरात बसले तेव्हा माझं अंगण कुणी झाडलं? भाडेकरू म्हणे! भाडं कुणी मागितलं तिच्याकडे? मी कधी तोंडाने मागितलं नाही, अल्ला जाणे. लिहा तुमच्या कागदावर, ती भाडेकरू नाही. घरची आहे."



जुनेद हळूच म्हणाला, "ऐकलंत, मॅडम? अम्मीच म्हणते, भाडेकरू नाहीत म्हणून." म्हणाला खरा, पण त्यालाच ते जड गेलं असावं, लगेच उठून पाणी प्यायला.

दीपाली काशीताईंकडे बघते, डोळ्यांनी खुणावते, बोला, काहीतरी बोला! आणि काशीताई? त्यांच्या डोळ्यांतून धारा. आयुष्यभर जे ऐकायला मिळालं नव्हतं ते चार माणसांत ऐकायला मिळालं. बहीण. आता त्या शब्दाला खोटं कसं पाडायचं? त्या म्हणाल्या, "भाभी म्हणतात तेच खरं." आणि पदर तोंडाला लावला.

"अहो, तुम्ही दोघी मिळून घर घालवताय!" दीपालीला राहवेना. "हाजराबी, जरा ऐका. जुनेदभाईंनी आणलेल्या कागदात भाडं चौपट आहे, आणि अकरा महिन्यांनी काशीताईंना जा म्हणता येईल असं लिहिलंय."

हाजराबींनी मुलाकडे पाहिलं. "जा? कुणाला?"

जुनेदने कागद मांडीखाली सरकवला.

"मी असेपर्यंत कोण काढतंय तिला बघू!"

"आणि तुमच्यानंतर?" दीपालीने अगदी हळू विचारलं. "भाडेकरूला असं काढता येत नाही. बहिणीला येतं. तुम्ही बहीण म्हणालात की कायद्याच्या लेखी त्या तुमच्या मर्जीने राहिलेल्या पाहुण्या. मर्जी संपली की उठायचं."

हाजराबींना ते कळायला वेळ लागला. मग त्यांनी मुलालाच विचारलं, "खरं रे? बहीण म्हटलं तर ती घराबाहेर, भाडेकरू म्हटलं तर घरात?"

"तसंच आहे, अम्मी."

"उलटंच कसं हे सगळं?"

 

हाजराबी भिंतीला धरून उठल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी उभ्याच राहिल्या. "लिहून घ्या वकीलबाई. काशी माझी..." आणि अडकल्या. बघा, आपल्या तोंडातून कुठला कुठला शब्द सहज निघून जातो, पण हा एक निघेना त्यांच्या. काशीताई म्हणाल्या, "भाभी, राहू दे हो." "तू गप!" हाजराबी ओरडल्या. मग एका दमात म्हणाल्या, "भाडेकरू आहे ती. आमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून. दर महिन्याला भाडं देते. भाडं! घावन्यांच्या ताटलीखाली ठेवते आणि मी घेते. मी मालकीण, ती भाडेकरू. झालं समाधान?"

आणि बसल्या त्या एकदम, तोंड फिरवून.

काशीताई उठून त्यांच्या पायाशी जाऊन बसल्या.  हाजराबींनीच त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "लागलं काय गो तुला?"

"नाही भाभी. असं माझ्यासाठी कुणी बोललं नव्हतं."

मग हाजराबी जुनेदकडे वळल्या. "या महिन्याची पावती लिही. मराठीत लिही, तिला वाचता आली पाहिजे."

"अम्मी, लिहितो," जुनेद म्हणाला. "पण माझं काय? मनालची फी आहे, घर आहे. मी काय मावशींचा दुष्मन आहे?"

हे मात्र त्याचं खरं होतं हो. दीपालीनेही मान्य केलं. ती म्हणाली, कायद्याने होते ती वाढ दरवर्षी घ्या, तो तुमचा हक्क आहे, काशीताई नाही म्हणणार नाहीत. काशीताईंनी मान डोलावली. पण तेवढ्याने जुनेदचं भागणार नव्हतं, हे सगळ्यांनाच दिसत होतं.

हाजराबी म्हणाल्या, "माझी खाडीकडची खोली दे पाहुण्यांना. वारा लागतो, बोटी दिसतात. मुंबईची माणसं असल्या वाऱ्याला वाटेल तेवढं देतील."

"आणि तू कुठे निजणार?"

"काशीकडे. तिचं पुढचं दालन रिकामंच असतं."

काशीताई रडता रडता हसल्या. "भाभी, भाडेकरूला पाहुणा ठेवायचा तर मालकाला विचारावं लागत असेल हो."

"मालक नाही म्हणाला तर सांग मला, त्याचे कान मी उपटते."

त्या दिवशी जुनेदने पावती लिहिली. भाडेकरूचं नाव, खोल्या, महिना, रक्कम. हाजराबींनी खाली सही केली, हळूहळू, एकेक अक्षर कोरत. काशीताईंनी ती देवापुढे ठेवली. त्यानंतर दर महिन्याला जुनेद न मागता पावती द्यायला लागला. खोलीला पाहुणे यायला लागले. त्यांना सकाळी घावने काशीताईंच्या हातचे, त्याचे पैसे वेगळे मिळायचे. हाजराबी काशीताईंच्या दालनात निजायच्या. दोघींच्या गप्पा ऐकून जुनेदची बायको म्हणायची, या दोघींना झोप लागते की नाही?

यंदाच्या थंडीत हाजराबी गेल्या. काशीताईंच्या दालनातच, पहाटेच्या अजानीनंतर, पाणी मागून. चाळिसाव्या दिवसापर्यंत काशीताई कीर्तनाला आल्या नाहीत. जुनेदच्या एका मामेभावाने विषय काढला होता म्हणे, आता मागच्या खोल्या मोकळ्या करून घे. जुनेद म्हणाला, "भाडेकरू आहेत त्या. अम्मीने सांगितलंय." एवढंच. विषय तिथे मिटला.

ते बघा, पेटीवाले आले. बुवा आता नमनाला उभे राहतील. हात जोडाल ना, तेव्हा ज्यांच्यासाठी रोज मागता त्यांच्या जोडीला आज हाजराबींचीही आठवण ठेवा. आपल्या जिवाला लागलं तरी त्या माउलीने दुसरीसाठी तो परका शब्द उच्चारला. देव तिला जवळ ठेवो.