एक दात किंचित वाकडा

"फ्रिज बंद पडलाय का गं?" अर्ध्या गालावर दाढीचा साबण तसाच ठेवून कवळीवाल्यांनी स्वयंपाकघरात डोकावून विचारलं.

बायकोनं फ्रिजला हात लावून पाहिला. तो नेहमीसारखा गुरगुरत होता. पंखाही चालू होता आणि शेजारच्यांचा रेडिओही. सगळं चालू आहे, तुमचेच कान तपासून घ्या, असं सांगून ती पुन्हा भाजी चिरायला लागली.

कवळीवाले आरशापुढे परतले. काहीतरी थांबलं होतं एवढं नक्की. एखादा आवाज सतत सोबतीला असतो, तो असल्याचं ध्यानातही येत नाही, आणि थांबला की मात्र दचकायला होतं, तसं झालं होतं. उरलेला गाल तासताना त्यांनी घरातली एकेक वस्तू आठवून पाहिली. नळ, घड्याळ, माळ्यावरचा उंदीर. मग हात मध्येच थांबला. थांबलं होतं ते यातलं काहीच नव्हतं. देव खोलीत नव्हता.

हे वाचून कुणी घाबरून जाऊ नये, कारण कवळीवाले स्वतःही घाबरले नाहीत. त्यांना नवल वाटलं.

त्याचं असं होतं. लहानपणी आई इस्त्री करत असताना ते टेबलाखाली खेळत बसायचे. तिथे एकदा त्यांना वाटलं, खोलीत आईखेरीज आणखी कोणीतरी आहे. ते कोणीतरी नंतर गेलंच नाही. रविवारच्या शाळेत प्रभू येशूबद्दल ऐकलं तेव्हा पोरगं मनात म्हणालं, अच्छा, हा होय तो! प्रकाश नाही, वाणी नाही, अंगावर काटासुद्धा नाही. आपण काम करत असावं आणि त्याच खोलीत आपलं माणूस काही वाचत बसलेलं असावं, एवढंच. मान वर करून बघायचीही गरज नाही. शाळा झाली, धंदा शिकून झाला, लग्न झालं, केस पिकले. वाचणारा आपला बसलेलाच.

म्हणून त्यांच्या प्रार्थना अगदी आखूड असत. चर्चमधली मंडळी डोळे मिटून पल्लेदार वाक्यं म्हणत तेव्हा यांचं आमेनसुद्धा होऊन गेलेलं असे. पाळकांनी एकदा त्यांना सर्वांसमोर प्रार्थना करायला सांगितलं, तेव्हा हे उठून "बाकी तुला माहीतच आहे" म्हणून खाली बसले होते. मंडळीत अजूनही त्यावरून हसतात.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. कवळीवाल्यांचं मात्र भरत आलं होतं. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या बाकावर त्यांचं काम चाले. डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन आत पाठवत. कवळीवाले त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा बनवत, त्यावर मेणाची हिरडी चढवत आणि तिच्यात एकेक दात बसवत. मेणातली ही कवळी पेशंटच्या तोंडात घालून पाहायची, पसंत पडली की मग पक्की करायची. माणसाचं तोंड हातात, पण माणूस कधी समोर यायचा नाही. तरी साच्यावरून त्यांना बरंच काही कळे, आणि कळलेलं ते त्या वाचत बसलेल्याला सांगत. "हे बघ, हे आजोबा एकाच बाजूनं चावत आलेत." "ही बाई झोपेत दात खात असणार. घरात काय चाललंय तिच्या, बघ जरा." डॉक्टरीणबाईंना पहिले काही दिवस वाटलं होतं की हे फोनवर बोलतात.

आणि एक खोड होती. सगळे दात बसवून झाले की कवळीवाले एक दात मुद्दाम किंचित वाकडा करत. नुसती मान कलती केल्यासारखा. सगळे दात ओळीत उभे राहिले की तोंड दुकानातून आणल्यासारखं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. कुठला दात वाकडा करायचा हे ते स्वतः ठरवत नसत. मेणाची सुरी दिव्यावर गरम करत ते हळूच विचारत, "कुठला?" आणि हात आपोआप कुठेतरी जाई.

त्या दिवशी त्यांनी विचारलं, "कुठला?" हात कुठेच गेला नाही. सुरी गार झाली. पुन्हा गरम केली, पुन्हा विचारलं. शेवटी सगळे दात सरळच ठेवून कवळी बाहेर पाठवली. डॉक्टरीणबाई ती घेऊन धावत आत आल्या. तुमच्या हातची सर्वांत सुंदर कवळी ही, इतकी वर्षं अशी का केली नाहीत, असं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. कवळीवाले हसले.

मग शोध सुरू झाला. चष्मा हरवला की माणूस जसा आधी नेहमीच्या जागा पाहतो, तशा कवळीवाल्यांनी देवाच्या नेहमीच्या जागा पाहिल्या. दवाखान्याचा जिना, जिथे तो फार जवळ असल्यासारखा वाटे. नदीवरचा पूल. चर्चचं मागचं बाक, तेही दुपारी, चर्च रिकामं असताना. तिथे झाडूवाली होती. तिनं पाय वर घ्या म्हटलं, त्यांनी घेतले. प्रत्येक ठिकाणी ते थोडा वेळ थांबत, कान देत आणि पुढे जात. दुःख असं अजून झालं नव्हतं. हे कसं काय झालं, हीच उत्सुकता जास्त होती. इतकी वर्षं सोबत असलेला एकाएकी उठून जातो, तेव्हा कुठे गेला हे विचारायला तरी जागा हवी की नाही?

पाळकांनी ऐकून घेतलं. भला माणूस. त्यांनी आधी झोप लागते का ते विचारलं, मग रक्तदाब, आणि मग जरा घुटमळत, एखादं पाप लपून राहिलंय का, असंही विचारलं. कवळीवाल्यांनी घरी येऊन प्रामाणिकपणे मनाचा कानाकोपरा झाडला. पापं सापडली, नाही असं नाही, पण सगळी जुनी होती आणि देवानं पाहिलेलीच होती. त्यातल्या कशावरून त्यानं आताच रुसावं असं काही दिसेना.

बायकोला मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. ती हॉस्पिटलात नर्स होती, नुकतीच निवृत्त झाली होती. लग्नापासून रोज रात्री जेवणापूर्वी दोघं टेबलाशी बसत, कवळीवाले प्रार्थना करत आणि ती आमेन म्हणे. देव दोघांचा, असं ते धरून चालले होते. आपल्याकडे दिवा गेलाय हे सांगून तिच्या घरात कशाला अंधार करायचा, असा त्यांचा विचार. ते प्रार्थना करत राहिले. देवाची विनवणी करून करून दातांच्या कण्या केल्या म्हणा ना.

काही दिवसांनी असंच जेवण वाढलेलं असताना त्यांचं आमेन झालं. बायकोनं डोळे उघडले, पण आमेन म्हटलं नाही.

"अहो, काय झालंय तुम्हाला?"

"कुठे काय?"

"प्रार्थना लांबलीये तुमची. आणि मोठ्यानं करताय. आधी कसं, इथं टेबलाशी बसल्यासारखं बोलायचात. आता हाक मारल्यासारखं बोलता."

कवळीवाल्यांनी चमचा उचलला आणि परत खाली ठेवला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी फ्रिजपासून पाळकांपर्यंत सगळं सांगितलं, पूल आणि झाडूवालीसुद्धा. ती घाबरेल, रडेल, निदान पाळकांना फोन तरी करेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती.

ती भाजीचं भांडं त्यांच्याकडे सरकवत म्हणाली, "मला तो कधीच जाणवला नाही."

"आज?"

"कधीच."

कवळीवाल्यांना आधी राग आला, फसवल्यासारखा. लगोलग त्या रागाची लाज वाटली, कारण इतक्या वर्षांत त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं. आणि मग जे वाटलं ते या सगळ्याहून मोठं होतं. शेजारच्या खुर्चीत कोण बसलंय ते आता कुठे कळत होतं. सगळं गाव पालथं घातलं होतं त्यांनी; काखेत कळसा नि गावाला वळसा.

"बोलली नाहीस कधी," ते म्हणाले.

"काय बोलणार? सुरुवातीला फार जीव जळायचा. तुम्ही माझ्या शेजारी बसून कुणाशी तरी गप्पा मारताय, आणि मला समोर नुसती भिंत. सवत असती तर झिंज्या तरी धरल्या असत्या. याला काय धरणार?" ती हसली, पण डोळे पुसलेच. "नंतर सवय झाली. म्हटलं, यांना दिसतोय ना, मग आहे."

"मग तू इतकी वर्षं प्रार्थनेत कुणाशी बोलत होतीस?"

ती वॉर्डातलं सांगू लागली. बेशुद्ध पेशंट असत, कित्येक दिवस तसेच पडलेले. त्यांना अंघोळ घालायची, कूस बदलायची. मोठ्या सिस्टरनी शिकवलं होतं की हात लावण्याआधी सांगायचं. ऐकू जातं की नाही ते कुणालाच माहीत नाही. तरी सांगायचं.

"'आता डावीकडे वळवतेय हं', 'आता पाणी गार लागेल हं'. असं रोज," ती म्हणाली. "तसंच याच्याशीही."

"कुणी उत्तर दिलं कधी? त्या पेशंटांपैकी?"

"एक-दोघं शुद्धीवर आले. एक म्हणाला, तुमचा आवाज ओळखतो मी. बाकीचे नाही आले. पण म्हणून सांगायचं कुणाला बंद केलं नाही मी."

भाजी निवत होती. कवळीवाल्यांना कितीतरी विचारायचं होतं. सणासुदीला चर्चमध्ये ती रडायची ते कशानं? पोटातलं मूल राहिलं नाही तेव्हा ती काय म्हणाली होती, आणि कुणाला? एका जन्माचे प्रश्न होते आणि ते आत्ता सुचत होते. त्यांनी एकच विचारलं. "आज तू करतेस का प्रार्थना?"

मला नाही येत, असं ती म्हणायला गेली. मग तिनं हात जोडले आणि डोळे घट्ट मिटले.

"आम्ही जेवायला बसतोय. भाजी गार झालीये. यांनाही आता तू जाणवत नाहीस म्हणे. त्यांना सवय नाही रे याची, जड जातंय. तेवढं बघ. तरी आम्ही दोघं इथंच आहोत, सांगून ठेवते."

आयुष्यात पहिल्यांदा कवळीवाल्यांनी प्रार्थना चालू असताना डोळे उघडले. समोर भिंत होती, आणि शेजारी बायको. ती बोलत होती तेव्हा तिचे दात दिसत होते. पुढच्या मोठ्या दातांशेजारचा डावा दात किंचित कलता होता, शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकल्यासारखा. लोकांची तोंडं हातात घेऊन आयुष्य गेलं त्यांचं, आणि हा दात त्यांनी आज नीट पाहिला.

"आमेन," ते म्हणाले. त्यांचं आमेन पहिल्यांदाच मागाहून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई तीच सुंदर कवळी घेऊन मागच्या खोलीत आल्या. मेणातली कवळी घालून पाहायला पेशंट आली होती, एक म्हातारी शिक्षिका. आरशात बराच वेळ बघून ती म्हणाली होती, छान आहेत, पण हे दात कुणाचे? डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला होता. बाहेर बसलीये ती, काही करता येईल का, असं त्यांनी विचारलं. कवळीवाल्यांनी मान डोलावली आणि कवळी परत साच्यावर चढवली.

खिडकीतून ऊन बाकावर आलं होतं. त्यांनी दिवा लावला, सुरी आचेवर धरली आणि सवयीनं विचारलं, "कुठला?"

ते थांबले. घाई न करता, समोरच्याला वेळ द्यावा तसे थांबले. बाहेर कुणीतरी खोकलं. दिव्याची वात जरा फुरफुरली. बाकी खोलीत काही नव्हतं, किंवा असलं तरी त्यांना कळलं नाही.

त्यांनी डाव्या बाजूच्या त्या दाताच्या मुळाशी सुरी टेकवली. मेण मऊ झालं.

"आता डावीकडचा वळवतोय हं," ते खोलीला म्हणाले, आणि अंगठ्यानं दात अलगद कलता केला.