दुसऱ्याची बाजू ऐकलेला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. खरे तर आता मी बाक झालो आहे, पण इतक्या वर्षांची सवय सुटत नाही.

मित्रांनो, मी दोन खोल्यांच्या एका घराला होतो. उजेड चांगला म्हणून घरची आई माझ्या शेजारीच शिलाई मशीन मांडून बसे. पावसाळ्यात लाकूड ओल शोषून फुगते, तसा मी फुगायचो आणि चौकटीत अडकायचो. तिचा धाकटा मुलगा, ज्याला सगळे भोपळ्या म्हणत, मला लाथ मारायचा. त्याची ताई मात्र कडी धरून मला किंचित उचलायची, मग ढकलायची. मी गुपचूप उघडायचो.

भांडण झाले की दोघे मशीनपाशी धावत. पायडलवरचा पाय न थांबवता आई म्हणे, "आधी दुसऱ्याची बाजू सांग. ती त्याला पटली, की मग तुझी ऐकते."

एकदा खिडकीजवळच्या जागेवरून जुंपली. आतल्या अंधारात वाचताना भोपळ्याचे डोळे कसे दुखतात, हे ताईने इतके नीट सांगितले की तिचे तिलाच पटले. जागा गेली. आई हसली. "अगं, तू तर त्याचीच वकील झालीस."

पुढे ताई न्यायाधीश झाली, तिचे मोठे नाव झाले. आई गेली. घर रिकामे पडले, माझ्या कोपऱ्याला वाळवी लागली. तेव्हा शेजारच्या दवाखान्याने वाढीव खोल्यांसाठी ती जागा मागितली. गल्ली हट्टाला पेटली, एवढ्या मोठ्या बाईंचे बालपणीचे घर पाडू द्यायचे नाही. ताईने नुसते "नाही" म्हटले असते, तरी घर वाचले असते.

ती आली, माझ्यावर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "आधी दवाखान्याची बाजू सांगते." तापाने फणफणलेली मुले बाहेर उन्हात ताटकळतात, हे तिने इतके नीट सांगितले की गल्लीचा हट्ट सुटला.

टक्कल पडलेला भोपळ्या पुटपुटला, "ताई, परत हरलीस."

"हो रे. आता माझी बाजू. हा दरवाजा जाळू नका."

सुताराने वाळवीचा कोपरा कापला, रंधा मारला, मला चार पाय दिले. आता मी त्याच दवाखान्यात आहे. कडीचे भोक ताईने बुजवू दिले नाही. मुले त्यात बोट घालून बसतात आणि सुईची भीती विसरतात. घराची आठवण येते, पण अशा कामाला लावल्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिचीही बाजू ऐका. आणि दार अडकले तर लाथ मारू नका. किंचित उचला, मग ढकला.